नदीला थडी परत मिळते तेव्हा : सिंगापूरची कलांग नदी आणि पाणमांजरे

नदीचे पाणी स्वच्छ झाले की नदी पुन्हा जिवंत झाली, असे गृहीत धरण्याची सवय नगरनियोजनाला जडलेली आहे आणि त्यामुळे नदीचे आरोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू, दररोज मिसळणारे सांडपाणी आणि शुद्धीकरण केंद्रांची क्षमता अशा आकड्यांतच मोजले जाते. हे आकडे आवश्यकच आहेत, परंतु त्यांत नदीचा काठ कोठेही येत नाही. मराठी भाषेने मात्र काठाला पूर्वापार नदीइतकेच महत्त्व दिले आहे. गंगथडी आणि भीमथडी ही मुलखांची नावे नदीच्या थडीवरून पडली, कारण माणसे, गुरे आणि पिके जगतात ती थडीवर. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले पाणमांजर हेही असेच थडीवरचे जनावर आहे. ते शिकार पाण्यात करते, पण झोपते, विते, अंग कोरडे करते आणि हद्दीच्या खुणा ठेवते ते जमिनीवर. सिंगापूरच्या कलांग नदीत हा प्राणी परतला, तो कोणी पिंजऱ्यातून आणून सोडला म्हणून नव्हे. आणि त्याच्या परतीचा कालक्रम पाहिला म्हणजे असे दिसते की त्या नदीची स्वच्छता १९८७ मध्ये पूर्ण झाली, तर तिच्या एका भागाला थडी परत मिळाली २०१२ मध्ये. या पंचवीस वर्षांच्या अंतरातच नदीच्या पुनरुज्जीवनाचा खरा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम या प्राण्याच्या नावाविषयी थोडे विवेचन करणे योग्य होईल. पाणमांजर हा शब्द रूढ असला तरी या प्राण्याचा मांजराच्या कुळाशी संबंध नाही. तो विझल आणि बॅजर यांच्या कुळातला आहे. त्याला मराठीत ऊद असेही म्हणतात आणि त्यामुळे पुष्कळदा उदमांजराशी त्याची गल्लत होते, वास्तविक उदमांजर हा झाडांवर चढणारा, फळे आवडीने खाणारा निशाचर प्राणी असून इंग्रजीत त्याला सिव्हेट हे नाव आहे. ऊद या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘उद्र’ या शब्दात असून त्याचे नाते ‘उदक’ या शब्दाशी जोडले जाते. अवेस्ता भाषेतही हा प्राणी ‘उद्र’ याच नावाने येतो आणि पारशी धर्मग्रंथांपैकी वेन्दिदाद या ग्रंथाचा चौदावा अध्याय उद्राची हत्या करणाऱ्याने घ्यावयाच्या प्रायश्चित्तांना वाहिलेला आहे. पाण्याच्या काठावरच्या या जनावराला मारणे म्हणजे गंभीर अपराध, ही जाणीव किती जुनी आहे हे यावरून कळते.

भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आढळतात आणि त्यांपैकी आखूड, मऊ व चकचकीत केसांची जी जात आहे, जिचे शास्त्रीय नाव ल्युट्रोगेल पर्स्पिसिलाटा असे आहे, तीच सिंगापूरमध्ये आहे. गोव्यात मांडवीच्या मुखाजवळील चोडण बेटावर, खारफुटीच्या आणि खाजण शेतीच्या परिसरात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनींत, याच जातीचा वावर आहे. कोकणातल्या खाड्या आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या काठीही ती दिसते. सिंगापूरच्या नदीचा विचार मराठी वाचकाला परका वाटू नये याचे हे एक कारण. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारण ७ ते ११ किलो भरते, बोटांमध्ये पातळ पडदा असतो, शेपटी टोकाकडे चपटी होत जाते आणि ओठांवरच्या राठ मिशा गढूळ पाण्यात माशाच्या हालचालीची चाहूल घेतात. ही जात कुटुंबाने राहते. आई, बाप आणि निरनिराळ्या वर्षांची पिल्ले मिळून एकत्र शिकार करतात आणि माशांना कडेला रेटत नेतात. बांगलादेशातील नराइल जिल्ह्यात कोळ्यांनी याच कौशल्याचा उपयोग करून घेतला असून तेथे शिकवलेली पाणमांजरे मासे जाळ्याच्या दिशेने हाकतात.

या प्राण्याला जगायला तीन गोष्टी लागतात: भरपूर मासळी, चढता-उतरता येईल असा काठ आणि एका पाणवठ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची न तुटलेली वाट. तिसऱ्या गोष्टीचा विसर पडतो तो नियोजकांना. एका कुटुंबाला कित्येक किलोमीटरचा काठ लागतो आणि मोठी झालेली पिल्ले स्वतःची हद्द शोधायला बाहेर पडतात, तेव्हा त्यांना पुढे पाणी सापडले नाही तर चांगल्यात चांगले तळेही त्यांच्या दृष्टीने बेटच ठरते.

सिंगापूरमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तिन्ही गोष्टी नाहीशा झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेटाच्या सुमारे १३ टक्के भूभागावर असलेली खारफुटी बंदरे, वसाहती आणि भराव यांसाठी तोडली गेली आणि आता ती एक टक्काही उरलेली नाही. नदीमुखे बांध घालून जलाशयांत रूपांतरित झाली. आणि पुराचे पाणी लवकर समुद्रात जावे म्हणून नद्या व ओढे सरळ करून त्यांना सिमेंट काँक्रीटचे तळ आणि भिंती बांधल्या गेल्या. त्याच्या जोडीला घाण होती. लोअर पिअर्स जलाशयापासून निघून शहराच्या मध्यातून सुमारे दहा किलोमीटर वाहणारी कलांग ही त्या देशातील सर्वांत लांब नदी, पण तिच्या खोऱ्यात डुकरांची आणि बदकांची पालन केंद्रे, विनापरवाना धंदे आणि मैल्याची सोय नसलेल्या वस्त्या दाटल्या होत्या. १९७० च्या दशकापर्यंत पाणमांजर तेथून निवासी प्राणी म्हणून संपल्यातच जमा होते.

फेब्रुवारी १९७७ मध्ये अप्पर पिअर्स जलाशयाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांग या दोन्ही नद्यांत दहा वर्षांनी मासे पकडता आले पाहिजेत, असे उद्दिष्ट आपल्या प्रशासनापुढे ठेवले. मासे हा निकष त्यांनी निवडला ही बाब लक्षणीय आहे, कारण मासा खोटे बोलत नाही; प्रयोगशाळेतला नमुना एका दिवसाचा असतो, तर मासा पाण्यात बारा महिने राहतो. दहा वर्षांत हे काम झाले आणि त्याला सुमारे ३० कोटी सिंगापूर डॉलर खर्च आला. परंतु त्याची किंमत पैशांत मोजून भागत नाही. सुमारे २६,००० कुटुंबांचे पुनर्वसन करावे लागले, ६१० डुक्करपालन केंद्रे आणि ५०० बदकपालन केंद्रे बंद झाली, सुमारे ५,००० फेरीवाले रस्त्यावरून उठवून छपराखालच्या खाद्यकेंद्रांत बसवले गेले आणि पिढ्यानपिढ्या सिंगापूर नदीत माल वाहणाऱ्या सुमारे ८०० पडावांना १९८३ मध्ये पासिर पांजांगच्या किनाऱ्याकडे जावे लागले. बहुसंख्य कुटुंबांना पाणी, वीज आणि शौचालय असलेली पक्की घरे मिळाली हे खरे आहे; त्याचबरोबर ज्या लोकांचे आयुष्य त्या नदीवर बेतलेले होते, त्यांना नदी स्वच्छ होण्याच्या क्षणीच तिच्यापासून दूर जावे लागले हेही तितकेच खरे आहे. ज्या नदीकाठावर आज पाणमांजरांची छायाचित्रे काढली जातात, त्या काठाचा इतिहास सांगताना या माणसांना वगळणे अन्यायाचे होईल.

नद्या स्वच्छ झाल्या, मासे आले, तरीही पाणमांजर आले नाही. कारण उघड होते: पाणी निवळले तरी त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या भिंती होत्या. प्राण्याची पहिली नोंदण्याजोगी परती शहरात न होता बेटाच्या वायव्य टोकाला झाली. सुंगेई बुलोह येथील पाणथळ प्रदेशात, जिथे जोहोरच्या सामुद्रधुनीपलीकडे मलेशिया दिसतो, १९९८ च्या सुमारास पाणमांजरे स्थिरावून पिल्ले वाढवू लागली. सुंगेई म्हणजे मलय भाषेत नदी आणि बुलोह म्हणजे बांबू. पूर्वी कोळंबीची तळी असलेली ही जागा पक्षिनिरीक्षकांच्या आग्रहामुळे राखली गेली होती आणि सामुद्रधुनी पोहून आलेल्या पाणमांजरांना तेथे उतार मिळाला, असे अभ्यासक मानतात. तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने, जलाशयांवरून आणि नाल्यांतून त्यांचा प्रसार व्हायला दशकाहून अधिक काळ लागला.

दरम्यान शहरात दोन मोठी कामे झाली. पहिले म्हणजे मरिना बराज, म्हणजे नदीमुखावर दारे असलेला ३५० मीटर रुंद बंधारा, जो २००८ मध्ये पूर्ण झाला आणि ज्यामुळे कलांग व सिंगापूर या नद्यांच्या मुखाशी असलेली खाडी हळूहळू गोड्या पाण्याचा जलाशय बनली. दुसरे काम बिशान-आंग मो किओ उद्यानातले. तेथे कलांग नदी उद्यानाच्या कडेने २.७ किलोमीटर लांबीच्या सरळ काँक्रीटच्या कालव्यातून वाहत होती आणि कुंपणाआडून तिच्याकडे पाहण्याचेही कोणाला कारण नव्हते. कालवा जुना झाल्यामुळे दुरुस्तीची वेळ आली, तेव्हा तो पुन्हा बांधण्याऐवजी फोडून टाकावा आणि नदीला ६२ हेक्टरच्या उद्यानातून वळणे घेत वाहू द्यावे, असा निर्णय झाला. जर्मन भूदृश्यरचनाकार हर्बर्ट ड्रायसाइटल यांच्या कार्यालयाने तिची रचना केली आणि मार्च २०१२ मध्ये हे उद्यान खुले झाले. वळणांमुळे नदीची लांबी सुमारे तीन किलोमीटर झाली. पूर्वीचा कालवा १७ ते २४ मीटर रुंद होता, आता पावसाळी पाण्याला पसरायला मिळणारी जागा काही ठिकाणी १०० मीटरच्या जवळ जाते.

या कामाची कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. उष्ण कटिबंधातील शहरी नदीत सिमेंटशिवाय काठ टिकतील का, याविषयी शंका असल्यामुळे उद्यानातल्याच एका छोट्या नाल्यावर आधी सुमारे दहा पद्धती करून पाहण्यात आल्या. त्यांत ओल्या डहाळ्यांच्या मोळ्या बांधून त्या उतारात पुरणे, दगडांच्या रचनेत जिवंत फांद्या खोवणे, काथ्यासारख्या विघटनशील कापडात माती गुंडाळून तिचे थर लावणे, तारेच्या जाळीत दगड भरून त्यांवर रोपे रुजवणे अशा कृती होत्या. डहाळीला मुळे फुटतात, मुळे माती आवळून धरतात आणि कापड कुजून जाते तोवर काठाची जबाबदारी झाडाने घेतलेली असते. या शास्त्राला मृदा-जैवअभियांत्रिकी म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे तत्त्व नवे वाटणार नाही, कारण ओढ्याची दरड ढासळू नये म्हणून वाळा आणि निरगुडी लावणारे हात हेच करत आले आहेत. कालवा फोडून निघालेल्या काँक्रीटच्या फरशाही फेकल्या गेल्या नाहीत. त्यांची उद्यानातच एक टेकडी रचली गेली. कोरड्या दिवशी ही नदी गुडघाभर पाण्याचा अरुंद ओहोळ असते आणि मुले तिच्यात उतरतात. जोराचा पाऊस झाला की पाणी हिरवळीवर चढते, पातळी मोजणारी यंत्रे इशारा देतात, भोंगा वाजतो आणि माणसे उंचवट्याकडे सरकतात. हिरवळीवर पाणी येणे ही येथे दुर्घटना मानली जात नाही, तशी ती योजनाच आहे.

नेमका येथेच मुंबईचा उल्लेख अपरिहार्य होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीचा कोप झाला आणि त्यानंतर मिठीचे रुंदीकरण, खोलीकरण व काठांवर संरक्षक भिंतींचे बांधकाम हाती घेण्यात आले. दाट वस्तीत भिंतीला पर्याय काय, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि बिशानला मिळालेले मोकळे उद्यान मिठीला उपलब्ध नाही, हेही मान्य केले पाहिजे. तथापि भिंत ही पुराविरुद्धची तजवीज म्हणून उभी राहते आणि कालांतराने तीच नदीची व्याख्या होऊन बसते. मग भिंतीच्या आतले ते नदी आणि बाहेरचे ते शहर, असे मुलांच्या मनावरही ठसते. सिंगापूरने हाच अनुभव तीन दशके घेतल्यानंतर कुंपण काढले.

२०१४ च्या सुमारास पाणमांजरांची एक जोडी बिशानच्या उद्यानात वावरू लागली आणि त्यांना पिल्ले झाली. पुढच्या वर्षी दहा जणांचे हे कुटुंब कलांगच्या प्रवाहाबरोबर खाली मरिना जलाशयात गेले आणि उंच इमारतींच्या पायथ्याशी, हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत राहू लागले. २०१६ मध्ये एका दैनिकाच्या वाचकांनी देशाच्या ५१ व्या वर्धापनाचे प्रतीक म्हणून याच कुटुंबाला कौल दिला. त्याच वर्षी शासकीय संस्था, विद्यापीठातील अभ्यासक आणि स्वयंसेवक यांचा पाणमांजरांसाठीचा संयुक्त कार्यगट स्थापन झाला.

पहाटे या कुटुंबाचा दिनक्रम पाहणाऱ्याला थडीचे मोल समजते. रांगेने पोहत आलेली जनावरे उतारावर चढतात आणि वाळूचा किंवा आखूड गवताचा एखादा तुकडा गाठून त्यावर पाठ, पोट आणि मान जोरजोराने घासतात, कारण दाट केस ओले आणि मळके राहिले तर त्यांतली हवा निघून जाते व अंगाची ऊब टिकत नाही. मग सर्व जण एकाच ठराविक जागी शेपट्या वर करून शौच करतात. या विष्ठेला इंग्रजीत स्प्रेंट म्हणतात आणि ती खवल्यांनी व काट्यांनी इतकी भरलेली असते की वाळल्यावर बोटांत चुरडली तरी माशाची जात ओळखता येते. शेजारच्या कुटुंबाला तिचा वास म्हणजे हद्दीचा दगड. उभ्या भिंतीच्या कालव्यात यांपैकी काहीच शक्य नाही, मग पाणी कितीही निर्मळ असो. मात्र काँक्रीटचा सरसकट धिक्कारही येथे चुकीचा ठरेल: ज्या नाल्यांत पाणमांजर राहू शकत नाही त्याच नाल्यांचा ते रात्रीच्या हमरस्त्यासारखा उपयोग करते, आणि पुलाखालच्या पोकळ्यांत बीळ करून पिल्ले वाढवते. त्याला सारी नदी हिरवी लागत नाही. वाट अखंड आणि मधूनमधून उतार, एवढ्यावर ते शहर जोडून घेते.

शहराला पूर्वीची नदी परत मिळाली असे म्हणता येईल का, याचे उत्तर मासळीत सापडते. सिंगापूरमधील अभ्यासकांनी विष्ठेतील अवशेष तपासले तेव्हा गोड्या पाण्याच्या जलाशयांत या प्राण्यांचे मुख्य अन्न सिक्लिड कुळातले मासे असल्याचे दिसले, म्हणजे मूळचे आफ्रिकेतले व दक्षिण अमेरिकेतले मासे. त्यांतला तिलापिया महाराष्ट्राच्या धरणांत आणि बाजारांत चिलापी या नावाने परिचित आहे. पूर्वी भरती-ओहोटीची असलेली खाडी आता गोड्या पाण्याचा साठा आहे, काठावरच्या मोळ्या माणसाने बांधलेल्या आहेत आणि खुद्द पाणमांजरांच्या जनुकांतही लहान नखांच्या दुसऱ्या जातीशी पूर्वी कधी झालेल्या संकराच्या खुणा आढळल्या आहेत. म्हणजे जुने काहीच जसेच्या तसे उरलेले नाही. पुनरुज्जीवन हा शब्द म्हणूनच जपून वापरला पाहिजे. कलांगवर घडले ते एका नव्या नदीचे बांधकाम, आणि जुन्या रहिवाशाने त्या नव्या नदीत बिऱ्हाड थाटले. गेलेली नदी आणता येत नाही म्हणून हात बांधून बसलेल्या शहरांना यात मोठा आधार आहे, आणि जुन्या नदीची हुबेहूब प्रत मागणाऱ्यांना एक नम्र उत्तरही.

शेजार मात्र सोपा नसतो. पूर्ण वाढलेले पाणमांजर दिवसाला सुमारे किलोभर मासळी खाते आणि त्याच्या दृष्टीने जलाशयातली चिलापी व बंगल्याच्या हौदातला हजारो डॉलरांचा कोई मासा यांत फरक नसतो. २०२० मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे रस्ते ओस पडले, तेव्हा ही कुटुंबे वसाहतींत अधिक धीटपणे शिरली आणि शोभेचे हौद रिकामे झाल्याच्या तक्रारी वाढल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये वनस्पती उद्यानात पहाटे फिरायला गेलेल्या एका गृहस्थाला एका टोळीने अनेक चावे घेतले. २०२२ च्या सुमारास त्यांची संख्या दीडशेच्या वर गेल्यावर ती फार झाली काय, अशी चर्चा सुरू झाली. प्रशासनाने हौदांना जाळ्या व कुंपणे घालावीत, प्राण्यांना खाऊ घालू नये, पिल्ले बरोबर असताना अंतर ठेवावे, अशा सूचना लोकांपर्यंत नेल्या. संख्येला निसर्गाचाही आवर आहे, आणि तो कोमल नाही: हद्दीसाठी कुटुंबाकुटुंबांत भर दिवसा लढाया होतात, त्यांत पिल्ले मारली जातात, हरलेले कुटुंब जागा सोडते; शिवाय वाहनांखाली आणि गळाच्या आकड्यांनी मृत्यू येतात ते वेगळेच. हौद गमावलेल्या माणसाचे दुःख खोटे नाही. पण ज्या शहराने १९७७ मध्ये नदीत मासे हवेत असे ठरवले, त्याला मासे खाणारे कोणीतरी येणार हे स्वीकारणे भागच होते, आणि बहुतांश नागरिकांनी ते स्वीकारलेले दिसते.

पाणवाट जेथे तुटते तेथे या कुटुंबांना अजूनही रस्ता ओलांडावा लागतो. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या इस्ताना या निवासस्थानाजवळच्या हमरस्त्यावर एक कुटुंब आले, तेव्हा पोलिसांनी वाहने थांबवली आणि ती जनावरे एकमेकांना बिलगून, मधूनच थांबून मान वर करत पलीकडे गेली. बिशानच्या वळणांखेरीज कलांगचे अनेक भाग आजही उभ्या भिंतींचे आहेत; तेथे नुकते पोहायला शिकलेले पिल्लू भिंतीशी धडपडून मागे घसरते, आणि वर पोहोचलेली आई पुन्हा पाण्यात उतरते, त्याला मानगुटीला धरते आणि जिथे उतार आहे तिथपर्यंत ओढत नेते.